दृश्यकादंबरी, जपानी प्रणयप्रधान

संगणकाच्या किंवा दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर स्थिर चित्रे, मजकूर, संगीत व ध्वनी यांच्या साहाय्याने सादर होणारी आणि कथानकाचे वळण काही ठिकाणी वाचकाच्या निवडीवर सोपविणारी प्रेमकथा. हा प्रकार जपानमध्ये विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आकारास आला. व्यापाराच्या दृष्टीने त्याची गणना संगणकीय खेळांत होते. परंतु त्यात वेगाने कळ दाबण्याचे कौशल्य नसते, की प्रतिस्पर्ध्यावर मातही करावयाची नसते. वाचकाचा बहुतेक सर्व वेळ वाचनातच जातो. त्यामुळे या प्रकारास खेळ म्हणावे की साहित्य, हा वाद जपानमध्येही पुष्कळ झालेला आहे. ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव इंग्रजी शब्दांचे असले, तरी ते जपानी लोकांनीच घडविले. ‘लीफ’ या संस्थेने १९९६ पासून आपल्या एका मालिकेस ते दिले व पुढे ते सर्व प्रकारास रूढ झाले. मराठीत त्यास ‘दृश्यकादंबरी’ म्हणता येईल.

पडद्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. मागे स्थळाचे चित्र : शाळेचा वर्ग, आगगाडीचे स्थानक, चेरीच्या झाडांनी वेढलेला चढ. त्यापुढे बोलणाऱ्या पात्राचे उभे चित्र. त्या चित्राचे डोळे, भुवया व तोंड यांचे दहापाच नमुने आलटून पालटून दाखविले, की राग, लाज, हसू असे भाव व्यक्त होतात. खाली चौकटीत एकेक वाक्य उमटते. वाचकाने कळ दाबली, की पुढचे वाक्य येते. काही कृतींत संपूर्ण पडदा मजकुरानेच भरतो. महत्त्वाच्या प्रसंगी स्वतंत्र पूर्ण चित्र येते. अशी चित्रे मोजकीच असल्याने त्यांचा परिणाम मोठा होतो. नायक स्वतः सहसा दिसत नाही. त्याचे मन प्रथमपुरुषी निवेदनातून कळते आणि वाचक त्याच्या जागी उभा राहतो.

स्थिर चित्र दाखवीत शब्दसुरांनी कथा रंगविण्याची ही रीत मराठी वाचकास परकी वाटू नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे धरून वाद्यांच्या साथीने कथा सांगत आले आहेत. त्यांच्या चित्रकथीतही चित्र हलत नाही. हलते ते निवेदन. जपानमध्ये १९३० नंतरच्या दशकात लोकप्रिय झालेल्या ‘कामिशिबाई’ या प्रकारात गोड खाऊ विकणारा फिरता कथेकरी सायकलवर लाकडी चौकट बांधून मुलांना अशाच प्रकारे गोष्ट दाखवीत असे. या जुन्या प्रकारांपासून दृश्यकादंबरी थेट जन्मली, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु थोड्या चित्रांत मोठी कथा बसविण्याची काटकसर सर्वांत सारखीच आहे. भेद आहे तो अधिकाराचा. चित्रकथीत पुढची पोथी कोणती, हे कथेकरी ठरवितो. दृश्यकादंबरीत अधूनमधून कथा थांबते आणि श्रोत्यालाच विचारते : आता काय करावयाचे ?

या प्रश्नामागील यंत्रणा समजून घेणे अगत्याचे आहे, कारण या प्रकाराचे सामर्थ्य व अडचण ही दोन्ही तिच्यातच आहेत. समजा, दुपारच्या सुटीत ग्रंथालयात जावे की गच्चीवर, असा पर्याय आला. वाचकाने ग्रंथालय निवडले, तर तेथे बसलेल्या मुलीची भेट होते आणि संगणक आपल्या नोंदीत तिच्या नावापुढे एक गुण लिहितो. पुढे ठरावीक जागी या गुणांची पाहणी होते व ज्या नायिकेचे पारडे जड, तिच्या ‘मार्गावर’ कथा वळते. प्रत्येक पर्यायागणिक कथा दुभंगत गेली, तर दहा दुहेरी पर्यायांनंतर १,०२४ निरनिराळे शेवट लिहावे लागतील. हे कोणत्याही लेखकास शक्य नाही. म्हणून फाटे फुटतात व थोड्या अंतरावर पुन्हा मूळ वाटेला मिळतात. फरक तेवढा नोंदवहीत शिल्लक राहतो. सामान्यतः आरंभीचा भाग सर्वांस सामाईक असतो आणि नंतर चार-पाच नायिकांच्या चार-पाच कथा वेगळ्या होतात. वाचक कोणत्याही क्षणीची स्थिती जतन करून ठेवू शकतो व चुकले असे वाटल्यास मागे येऊ शकतो. एक प्रेमकथा संपली, की तो पुन्हा आरंभापाशी येऊन दुसरी वाचतो. सर्व मार्ग वाचल्याखेरीज कृती ‘संपली’ असे मानले जात नाही. जी मुलगी एका वाचनात सहचारिणी झाली, तीच दुसऱ्या वाचनात वर्गातील एक ओळखीची मुलगी म्हणून उरते, आणि हे फक्त वाचकालाच ठाऊक असते. या जाणिवेतून येणारी हुरहुर छापील कादंबरीत सहजी साधत नाही.

या प्रकाराचा प्रारंभ प्रेमकथेतून झाला नाही. होरी यूजी याची पोर्तोपिया रेन्झोकु सात्सुजिन जिकेन (१९८३) ही खुनाचा तपास करावयास लावणारी कृती त्याच्या पूर्वजांपैकी एक मानली जाते. ‘चुनसॉफ्ट’ या संस्थेच्या ओतोगिरिसो (१९९२) आणि कामाइताची नो योरू (१९९४) या भयकथा-रहस्यकथांनी मजकूर व ध्वनी यांवर भर देऊन वाचनाची गोडी लावली. दुसरीची संहिता आबिको ताकेमारू या रहस्यकथाकाराची असून तिच्यातील माणसे केवळ निळ्या सावल्यांच्या रूपात दिसतात. प्रणयाचा धागा वेगळ्या बाजूने आला. ‘एल्फ’ या संस्थेच्या दोक्यूसेइ (१९९२) मध्ये गावभर हिंडून मुलींच्या भेटीगाठी घेण्याची कल्पना होती, तर ‘कोनामी’च्या तोकिमेकी मेमोरियल (१९९४) ने प्रणयप्रधान खेळास घरोघरी नेले.

तोकिमेकी मेमोरियल ही काटेकोर अर्थाने दृश्यकादंबरी नव्हे, ते प्रणयाचे अनुकरण आहे. तरीही तिचा उल्लेख टाळता येत नाही. उच्च माध्यमिक शाळेची तीन वर्षे नायकाने अभ्यास, व्यायाम, कला इत्यादींत वेळ कसा घालवावा, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे असते. अखेरीस पदवीदानाच्या दिवशी शाळेच्या आवारातील वृक्षाखाली एखादी मुलगी त्याच्यापाशी प्रेम व्यक्त करते. तिथे जुळलेले प्रेम चिरकाल टिकते, अशी त्या शाळेची दंतकथा. बालमैत्रीण फुजिसाकी शिओरी ही सर्वांत दुर्लभ, कारण तिला सर्वच बाबतींत पारंगत असा मुलगा लागतो. एखाद्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष झाले, तर तिच्या नावापुढे बाँबचे चित्र येते; तो फुटला की सगळ्याच मुलींचे मत नायकाविषयी कलुषित होते. भावनेचा इतका रोखठोक हिशेब पाहून हसू येते. पण या हिशेबावरून जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. खेळातील नायकाचे गुण आरंभापासूनच भरमसाट वाढवून शिओरीची प्राप्ती सुलभ करणारी स्मृतिपत्रे एका व्यापाऱ्याने विकली. १३ फेब्रुवारी २००१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की यामुळे नायकाचे व्यक्तिमत्त्व बदलते, कथा अपेक्षित मर्यादेबाहेर जाते आणि म्हणून कृती अविकृत राखण्याच्या कर्त्याच्या हक्काचा भंग होतो. वाचकास निवडीचे स्वातंत्र्य आहे. पण ते कर्त्याने आखलेल्या वाटांपुरतेच, असा याचा अर्थ होतो. या प्रकाराचे मर्म समीक्षकांच्या आधी न्यायाधीशांनी नेमके पकडले, असे म्हणावेसे वाटते.

लीफच्या शिझुकू व किझुआतो (दोन्ही १९९६) या कृतींत गूढ व भय यांचे प्राबल्य होते. त्यांच्यानंतर आलेली टू हार्ट (१९९७) मात्र शाळेतील साध्या, खेळकर दिवसांची कथा होती व तिने पुढील प्रणयकथांचा सूर ठरविला. ‘की’ या गटाने कॅनन (१९९९), एअर (२०००) व क्लॅनॅड (२००४) या कृतींत त्या सुराला करुणरसाची जोड दिली. अर्धा भाग हसविणारा आणि उरलेला रडविणारा, अशी ही रचना इतकी लोकप्रिय झाली, की तिचे अनुकरण करणाऱ्यांची रीघच लागली. या इतिहासाची एक बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आरंभीच्या बहुसंख्य कृती प्रौढांसाठी होत्या व त्यांत लैंगिक दृश्ये असत. या व्यवसायाने १९९२ मध्ये स्वतःची नियमन संस्था स्थापन केली. काही कृतींत ही दृश्ये कथेस केवळ चिकटविलेली असत. त्यामुळेच टू हार्ट आणि कॅनन यांच्या सर्वांसाठी काढलेल्या आवृत्त्यांत ती वगळूनही कथेचे काही बिघडले नाही. क्लॅनॅड तर मुळातच सर्व वयोगटांसाठी प्रसिद्ध झाली.

क्लॅनॅड ही या प्रकारातील प्रातिनिधिक कृती मानण्यास हरकत नाही. तिचा प्रमुख लेखक माएदा जुन हा तिचा एक संगीतकारही होय. २८ एप्रिल २००४ रोजी ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात पात्रांचे आवाजही नव्हते. ते पुढील आवृत्त्यांत आले. नायक ओकाझाकी तोमोया हा शाळेत टवाळ म्हणून ओळखला जाणारा मुलगा. आई लहानपणीच गेलेली, वडील दारूच्या आहारी गेलेले. त्यांच्याशी झालेल्या झटापटीत खांदा दुखावल्याने त्याचे बास्केटबॉल कायमचे सुटलेले. शाळेच्या चढावर त्याला फुरुकावा नागिसा भेटते. आजारपणामुळे तिचे वर्ष वाया गेलेले असते आणि बंद पडलेले नाट्यमंडळ पुन्हा उभे करण्याची तिची इच्छा असते. तिच्याखेरीज क्यो, तोमोयो, कोतोमी, फूको या मुलींच्या कथा आहेत व प्रत्येकीच्या कथेत घराचा काहीतरी मोडलेला कोपरा आहे. हे मार्ग नीट पूर्ण केल्यावर वाचकास प्रकाशाचे गोळे मिळत जातात. पुरेसे गोळे जमले, की शाळेनंतरच्या आयुष्याचा दुसरा खंड उघडतो.

या खंडात तोमोया विजेच्या तारा ओढण्याच्या कामावर लागतो, नागिसाशी लग्न करतो, भाड्याच्या लहानशा खोलीत संसार मांडतो. बाळंतपणात नागिसा दगावते. मुलगी उशिओ हिला आजीआजोबांकडे ठेवून तो पाच वर्षे तिच्याकडे पाहतही नाही. म्हणजे ज्या वडिलांचा त्याने तिरस्कार केला, त्यांच्याहूनही वाईट बाप होतो. मुलीसोबतच्या एका प्रवासात त्याला आपल्या आजीकडून कळते, की वडिलांनी एकट्याने त्याला कसे वाढविले. येथे प्रणयकथा मागे पडून ती बाप आणि मुलांची कथा होते. मुलगीही आजारी पडते. तथापि वाचकाने इतर सर्वांच्या सुखासाठी खर्च केलेले वाचन, म्हणजेच ते गोळे, अखेरीस फळास येतात आणि नागिसा जगलेली आहे अशी वाट उघडते. पुनःपुन्हा वाचण्याची जी सक्ती एरवी यंत्रणेचा भाग वाटते, तिलाच येथे कथेत अर्थ प्राप्त झाला आहे. शेवटचा चमत्कार फुकटचा वाटत नाही, तो याच कारणाने.

अशी कृती दुसऱ्या माध्यमात नेताना काय घडते, हे पाहण्यासाठी आपल्याकडील माध्यमांतराचे एक उदाहरण आठवणे उपयुक्त ठरेल. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेथील परिचारिका क्वो छिंगलान हिच्याशी त्यांनी १९४१ मध्ये विवाह केला व पुढील वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. या जीवनावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले आणि त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटणीस की अमर कहानी (१९४६) हा चित्रपट काढला. त्यात ते स्वतः व जयश्री प्रमुख भूमिकांत होते. पुस्तक असो वा चित्रपट, सोलापूरपासून उत्तर चीनपर्यंतची घटनांची ओळ एकच होती. माध्यमांतर करणारा ती आखडू शकत होता, गाण्यांनी रंगवू शकत होता. कोटणिसांनी दुसऱ्याच कोणाशी संसार केला, असे दाखविण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. दृश्यकादंबरीत नेमका हाच प्रश्न पहिल्या दिवशी उभा राहतो. पाच विवाहांपैकी खरा कोणता ? मूळ कृतीत सर्वच खरे असतात. चित्रपटाच्या पडद्यावर मात्र काळ एकाच दिशेने वाहतो आणि वाचकाच्या हातातील निवड दिग्दर्शकाच्या हाती जाते.

क्लॅनॅडच्या दोन रूपांतरांनी याची दोन उत्तरे दिली. ‘तोएइ ॲनिमेशन’चा देझाकी ओसामू दिग्दर्शित सचेतपट (२००७) फक्त नागिसाची कथा घेतो, इतर मुलींना जवळजवळ वगळतो आणि शोकात बुडालेल्या तोमोयाच्या आठवणींतून सगळे सांगतो. त्यात नागिसा परत येत नाही; बाप मुलीला सामोरा जातो, एवढ्यावर चित्रपट थांबतो. ‘क्योतो ॲनिमेशन’च्या इशिहारा तात्सुया दिग्दर्शित दूरचित्रवाणी मालिकेने (दोन भाग, २००७–०८ व २००८–०९) उलट मार्ग धरला. तिने इतर मुलींच्या कथा एकापुढे एक मांडल्या. परंतु त्यांतील प्रणय काढून तेथे मैत्री घातली, जेणेकरून तोमोयाचे मन नागिसापाशीच राहावे. मालिका अतिशय गाजली. तरीही अखेरचा चमत्कार अनेक प्रेक्षकांना अचानक आल्यासारखा वाटला. त्याचे कारण उघड आहे : गोळे जमविण्याचे श्रम प्रेक्षकाने केलेले नव्हते. वगळलेल्या प्रेमकथांची हळहळ निर्मात्यांनाही असावी, कारण तोमोयो व क्यो यांना नायिका मानणारे एकेक स्वतंत्र प्रकरण ‘दुसरे जग’ या अर्थाच्या शीर्षकाखाली त्यांनी घरी पाहावयाच्या तबकड्यांसाठी काढले. मूळ संस्थेनेही तोमोयोच्या मार्गाचा पुढचा भाग तोमोयो आफ्टर (२००५) या वेगळ्या कृतीत सांगितला.

इतरांनी आणखी युक्त्या योजल्या. अमागामी या खेळावरील मालिकेत (२०१०) प्रत्येक नायिकेस चार भाग दिले असून पाचव्या भागाशी काळ मागे जाऊन नायक पुन्हा एकटा होतो. ही मूळ रचनेशी सर्वांत प्रामाणिक पण प्रेक्षकास काहीशी थकविणारी रीत होय. फेट/स्टे नाइट (२००४) च्या तीन मार्गांवर एका पाठोपाठ एक वेगवेगळी रूपांतरे निघाली, २००६ च्या मालिकेपासून २०२० मध्ये पूर्ण झालेल्या चित्रपटत्रयीपर्यंत. स्कूल डेज (२००५) वरील मालिकेने (२००७) उपलब्ध शेवटांतून रक्तरंजित शोकान्तिकेकडे जाणारी वाट धरली. तिचा अंतिम भाग प्रक्षेपित व्हावयाच्या सुमारास जपानमध्ये एका मुलीने वडिलांचा खून केल्याची घटना घडली, तेव्हा तो भाग रद्द करून त्या जागी निसर्गदृश्ये दाखविण्यात आली.

सचेतपट, चित्रमालिका, लघुकादंबऱ्या, श्राव्य नाट्ये, गीतांच्या तबकड्या, बाहुल्या यांच्या या परस्परपोषक जाळ्यास जपानमध्ये ‘मीडिया मिक्स’ म्हणतात. त्यात मूळ कोणते व उपउत्पादन कोणते, हे पुष्कळदा सांगता येत नाही. फुजिसाकी शिओरीच्या नावावर तर एखाद्या गायिकेप्रमाणे गाणी निघाली व १९९७ मध्ये तोकिमेकी मेमोरियलवर नटनट्यांना घेऊन चित्रपटही झाला. आझुमा हिरोकी या विचारवंताने २००१ मध्ये असे प्रतिपादन केले, की नव्या पिढीचे वाचक कथेपेक्षा पात्रांच्या गुणविशेषांच्या साठ्यातून हवे ते निवडून घेतात व दृश्यकादंबरी हे याचे ठळक उदाहरण आहे. हे विवेचन मार्मिक आहे. क्लॅनॅडसारख्या कृतीस मात्र ते अपुरे पडते. नायिका म्हणजे निवडण्याजोग्या वस्तूंची मांडणी, हा स्त्रियांच्या दृष्टीने घेतला जाणारा आक्षेप अधिक वजनदार असून अनेक कृतींच्या बाबतीत तो खोडता येत नाही. मुलींसाठीही असे खेळ निघाले : ‘कोएइ’ संस्थेतील स्त्रियांच्या गटाने घडविलेला अँजेलिक (१९९४) हा त्यांतील पहिला मानतात. त्यात नायिका एक आणि पुरुष अनेक, एवढी अदलाबदल झाली. हिशेबाची वही तीच राहिली.

मोठ्या भांडवलाची गरज नसल्याने हौशी मंडळींनीही हा प्रकार उचलला. त्सुकिहिमे (२०००) ही अशाच एका गटाने तोक्योतील हौशी प्रकाशनांच्या जत्रेत विकलेली कृती. जपानबाहेर ‘रेनपाय’ या विनामूल्य साधनामुळे (२००४) लेखन सुकर झाले. कातावा शोजो (२०१२) ही अपंग विद्यार्थ्यांच्या शाळेत घडणारी प्रेमकथा इंग्रजीत, निरनिराळ्या देशांतील हौशी लेखक-चित्रकारांनी मिळून त्याच साधनाने रचली. जपानी कृतींचे अधिकृत भाषांतर मात्र मंदगतीने होते, कारण सर्व मार्गांचा मजकूर मिळून अनेक छापील कादंबऱ्यांएवढा भरतो. क्लॅनॅडचा अधिकृत इंग्रजी अनुवाद मूळ कृतीनंतर अकरा वर्षांनी, २०१५ मध्ये, उपलब्ध झाला. तोपर्यंत जपानबाहेरच्या बहुसंख्य रसिकांना ही कथा मालिकेतूनच परिचित होती आणि नागिसाखेरीज इतर कोणाशी तोमोयाचा संसार होऊ शकतो, हे त्यांतील अनेकांना ठाऊकही नव्हते. जुन्या कृतींची अवस्था याहून बिकट आहे. १९९० च्या दशकातील यंत्रांसाठी लिहिलेले खेळ आजच्या संगणकांवर आपणहून चालत नाहीत. नव्या आवृत्तीचे भाग्य लाभले नाही, तर त्यांवरील सचेतपट तेवढा पाहावयास मिळतो आणि त्याने न निवडलेले मार्ग वाचकांच्या आठवणीतच उरतात.